विहिरीवरचा हात

१९६८ साली मी चौतीस वर्षांचा होतो, दोन म्हशींचा मालक होतो आणि तोवर दहा-बारा सिनेमांत हिरोचा मार खाऊन झाला होता. मी म्हशींचं आधी सांगायचो. लोक सिनेमाचं आधी विचारायचे.

पुढं माझ्यावर पेपरात दोन-तीनदा लिहून आलं. एका शहाण्यानं लिहिलं की हा नट प्रसिद्धीपराङ्मुख आहे. माझी शाळा दुसरीपर्यंत. तो शब्द एका दमात मला अजून म्हणता येत नाही. अर्थ विचारला तर कळलं, मी प्रसिद्धीकडं पाठ फिरवून बसलो आहे. पाठ फिरवून बसायचो हे खरं. धार काढायला बसलं की तोंड म्हशीकडं होतं आणि उरलेल्या जगाकडं पाठ होते. त्याच टायमाला मुंबईची माणसं भेटायला यायची, त्याला मी काय करणार?

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. म्हशीचंही नाही, नाहीतर माणसं म्हणतील, आम्हाला वगळलं आणि जनावराला मान दिला. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं ती दोन माणसं आता नाहीत. म्हणून लिहितो.

सिनेमात मी शिरलो तो दुधाच्या चरवीसकट. आमच्या गावात स्टुडिओ होता आणि तिथं कुस्तीचा सिनेमा चालला होता. हिरोनं तालमीतनं येऊन म्हशीच्या सडाखालीच भांडं धरून फेसाळ दूध प्यायचं, असा सीन. दिग्दर्शकाला खरी म्हैस पाहिजे होती. माझी नेली. हिरो पुण्याचा. म्हशीनं नुसतं वळून बघितलं तर त्यानं दूध अंगावर सांडून घेतलं. सगळे हसले, मी हसलो नाही, कारण दूध माझं होतं. मी त्याच्याकडं जसं बघितलं, ते दिग्दर्शकानं बघितलं. जवळ आला आणि म्हणाला, "मिशा खऱ्या हायत?"

"ओढून बघा," मी म्हणालो.

त्यानं ओढून बघितल्या. त्या दिवसापासनं मी वाईट माणूस झालो. गावचा पाटील, पाटलाचा भाऊ, सावकाराचा माणूस, दरोडेखोर. तालमीतलं अंग होतं, आवाज मळ्यातला होता, आणि डायलॉग कुणीतरी वाचून दाखवला की एकदा ऐकून पाठ व्हायचा. वाचता येणारे नट कागद शोधत बसायचे तोवर माझं बोलून झालेलं असायचं.

पण माझी एक अट होती. चार वाजले की मी जाणार. गंगावेशीत आमचा दुधाचा कट्टा. कोल्हापूरचा माणूस बाटलीतलं दूध बघून नाक मुरडतो. तो कट्ट्यावर येतो, म्हैस बघतो, धार काढणाऱ्याचा हात बघतो आणि मग भांडं पुढं करतो. त्याच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि तिथंच मापून द्यायची. पाणी घालायला मध्ये जागाच नाही. माझ्या दोन म्हशींतली थोरली माझ्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. बायकोला जवळ येऊ द्यायची, पाठ खाजवून घ्यायची, पण बायको धारेला बसली की कास दगडासारखी. भावानं एकदा माझा सदरा घालून बघितला. त्याला लाथ बसली. सदऱ्याला पण बसली.

म्हणून चार वाजता मी निघायचो. मधला डायलॉग अर्धा राहिला असला तरी निघायचो. स्टुडिओतली पोरं मला "चारच्या आतला पाटील" म्हणायची. दिग्दर्शक शिव्या द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचा, कारण खऱ्या मिशा मिळत नव्हत्या.

त्या अडुसष्ट सालच्या सिनेमात मी पाटलाचा धाकटा भाऊ होतो. इस्टेटीसाठी थोरल्या भावाचं तान्हं पोर विहिरीत टाकायचं. पोर पुढच्याच रिळात जिवंत सापडतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण हे नंतर कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

विहीर गडमुडशिंगीच्या वाटेवर एका मळ्यात होती. त्या दिवशी ढगांनी वात आणला. ऊन आलं की पोर रडायचं, पोर गप झालं की ऊन जायचं. पोर खरं होतं, त्याची आई बाजूला उभी. मी पोराला घेऊन विहिरीपर्यंत चालत गेलो, आजूबाजूला बघितलं, दात खाल्ले. एवढं झालं आणि चार वाजले.

दिग्दर्शक म्हणाला, "एकच शॉट राहिलाय. नुसत्या हाताचा. पोर हातातनं सुटतं एवढंच. थांब की."

"म्हैस थांबायची न्हाय."

"अरं, म्हशीला काय घड्याळ कळतंय?"

"तिला कळतंय. तुमास्नी कळंना म्हणून तर चार वाजले."

"मग हाताचं काय करू?"

मी मनगटातलं चांदीचं कडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हणालो, "हात कुणाचाबी घ्या. ह्ये कडं घाला, म्हंजे माझा हात झाला." सायकल काढली आणि गावाकडं सुटलो. वाटेत मला वाटलं, काय पण बोललो आपण. डायलॉग लिहिणाऱ्याला सुचलं नसतं असं बोललो.

कडं दुसऱ्या दिवशी परत मिळालं. सैल पडू नये म्हणून आतनं सुतळी गुंडाळलेली होती. कुणाचा हात घेतला हे मी विचारलं नाही. हाताला काय विचारायचं?

सिनेमा लागला तेव्हा पहिल्या आठवड्यात आमची सगळी तालीम बघायला गेली. मी मागं बसलो. मी पडद्यावर आलो की पोरं शिट्ट्या मारत होती, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. मग विहीर आली. आणि हात आला. पडदाभर हात. मला वाटलं होतं, हात येईल आणि जाईल. पण दिग्दर्शकानं तो हात लांबच लांब ठेवलेला. दुपट्यात गुंडाळलेलं पोर त्या हातात, आणि हाताची बोटं थरथरत होती. थरथरायची, आवळायची, परत थरथरायची. मग एक बोट सुटलं, दुसरं सुटलं. थेटरात बायका मोठ्यानं रडायला लागल्या. पुढच्या रांगेतनं पडद्यावर चप्पल गेली.

आणि त्या मोठ्या हाताच्या मधल्या बोटावर मला खूण दिसली. शिंप्याची खूण. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात अंगुस्तान घालतो, त्याचा वर्षानुवर्षांचा वळ. माझ्या बोटावर तो कुठनं येणार? मी जन्मात सुई धरली नाही. एवढ्या मोठ्या थेटरात ते एकट्या मला दिसलं. बाकीच्यांना कडं दिसलं.

ते बोट स्टुडिओतला कपडेपट सांभाळणाऱ्या चाचांचं होतं. वयानं माझ्या वडलांएवढे. पिढ्यान् पिढ्या शिलाईचं काम. दिवसा स्टुडिओत धोतरं-फेटे सांभाळायचे आणि संध्याकाळी घरी मशिनीवर बसून लहान पोरांचे कपडे शिवायचे. झबली, टोपडी, कुंच्या. आमच्या पेठेत बारसं ठरलं की आधी चाचांकडं कापड जायचं, मग भटजीकडं निरोप.

तालमीतली पोरं मला थेटरातनं खांद्यावर घेऊन निघाली. मी खांद्यावर बसलो. खाली उतरून, पोरांनो ते बोट बघितलं काय, असं कुठं सांगत बसू?

कट्ट्यावर आमच्याकडं एक म्हातारी यायची. माहेर कोडोलीचं, मोठ्या शेतकऱ्याची लेक, धारेतलं तिला सगळं कळायचं. माझ्या वडलांच्या काळापासनं तिचं भांडं आधी भरायचं. ती ज्या म्हशीसमोर उभी राहील तिथं तिची सगळी गल्ली उभी राहायची. तिला वर्षाचा नातू होता आणि तो माझ्या थोरल्या म्हशीच्या दुधावर वाढत होता. सिनेमा बघून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कट्ट्यावर आली, माझ्यासमोर उभी राहिली, पण भांडं पदराखाली धरलेलं.

"मावशी, भांडं आणा."

"आज नको."

"का? पोराला बरं न्हाय?"

"पोरगं बरं हाय. म्हणूनच नको."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी हसलो. म्हणालो, "मावशी, त्यो सिनेमा हाय."

"सिनेमा हाय म्हणून मला कळतंय की. मी काय खुळी हाय? तू त्यात दारू पितोस, ती खोटी. तुझी बायको मरती, तीबी खोटी, काल ती माझ्यासंगं मेथी निवडून घेत हुती मंडईत." तिनं माझ्या हाताकडं बघितलं. "पर हात त्योच की रं बाबा. त्या हातातनं लेकरू सुटलेलं मी बघितलंय. त्याच हातानं काढलेलं दूध माझ्या लेकराच्या तोंडाला लावायचं? मनाला येत न्हाय. तुझा राग न्हाय हां."

आणि शेजारच्या गड्याच्या म्हशीसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागं तिची गल्ली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं. राग नाही म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर देणार?

आठ-दहा दिवसांत माझ्या म्हशींसमोर तालमीतली चार पोरं आणि एक बहिरा पेन्शनर एवढेच उरले. पेन्शनरनं सिनेमा बघितला नव्हता. शेजारचा गडी खुशीत होता. म्हणाला, "पैलवान, तुझ्या पिक्चरनं माझं भलं केलं बघ. पुढच्या पिक्चरला दोन लेकरं टाक, म्हंजे मी तिसरी म्हैस घेतो."

घरी उरलेल्या दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. इतकं तूप झालं की बायको भाकरीला, भाताला, देवाच्या निरांजनाला आणि एकदा दाराच्या बिजागरीलासुद्धा तूप लावायला लागली. म्हणाली, "लोकांच्या घरात नट असला की गाडी येती. आमच्यात तूप आलं."

मी म्हणालो, "हळूहळू इसरत्याल."

"कधी? नळावर बाया आपापली पोरं जवळ वढून घेत्यात मी आले की. आता माझाबी हात धरत्याल का त्यात?"

तेव्हा मी चाचांकडं गेलो. ते मशिनीवर होते, पिवळ्या कापडाचं झबलं चाललेलं. मी बसलो. काही बोलायच्या आधीच त्यांनी मशीन थांबवली.

"वळखलंस व्हय?" म्हणाले.

"बोटावरनं."

त्यांनी बोट बघितलं, जणू काही पहिल्यांदाच बघत होते. मग सगळं सांगितलं. दिग्दर्शकानं चार-पाच जणांचे हात बघितले होते. कुणाचे काळे, कुणाचे बारीक, लाइटवाल्याच्या हातावर गोंदलेलं. चाचांचा रंग माझ्या रंगाला जुळला. दुपट्यातलं पोर म्हणजे कापसाची बाहुली होती, तीही त्यांनीच शिवलेली. "पैलवान, म्या जलमभर लेकरांस्नी कापडं चढवली. त्या बाव्हलीचं टोपडंबी मीच शिवलं हुतं. सोड म्हणत्यात, तर हात सुटंना. तीन डाव सांगितलं त्यांनी. थरथराय लागला हात. साहेब वरडला, आसंच, आसंच पाहिजे."

म्हणजे तो थरथरणारा क्रूर हात, ज्यावर गाव रडलं, तो एका शिंप्याचा बाहुली टाकायला तयार नसलेला हात होता.

मी म्हातारीचं सांगितलं. त्यांनी समोरचं पिवळं झबलं उचलून दाखवलं. म्हणाले, "ह्ये तिच्याच नातवाचं हाय."

मी झबल्याकडं बघत राहिलो. गळ्याला लाल गोट, पाठीला नाडी.

"तू सांग तिला," चाचा म्हणाले. "तुझं बी पोट हाय. पर मग माझ्याकडं कोण कापड टाकंल, ह्येबी इचार कर. दूध येळंला माणूस चहात घालतो, कशातबी घालतो. झबलं लेकराच्या अंगाला लागतं."

"मी सांगणार न्हाय," मी म्हणालो.

"मग तुझं कसं?"

"माझं मी बघतो."

बोलून गेलो. रस्त्यावर आल्यावर कळलं की माझं काय बघायचं हे मला ठाऊक नाही. पण शब्द गेला होता. आमच्या घरात एक वेळ म्हैस विकतील, पण गेलेला शब्द माघारी आणायचा नाही, ही खोड वडलांपासनं आहे. तिच्यानं आमचं पुष्कळ नुकसान झालं आहे.

त्यातच मुंबईचा पाहुणा आला. हिंदी सिनेमा काढणारा. पांढरे बूट घालून कट्ट्यावर आला, म्हणजे बघा. मी धारेला बसलेलो. तो मागं उभा राहून बोलायला लागला.

"आपला तो विहिरीवरचा सीन मी चार वेळा पाहिला. पहिल्या प्रतीचे हात आहेत आपले."

"पावणं, जरा बाजूला व्हा. म्हशीला पांढरं आवडत न्हाय."

तो शेणात सरकला. मी धार संपवून उठलो आणि हात पुसले. त्यानं माझे हात हातात घेऊन बघितले. माझे हात म्हणजे माती उकरलेले, लाल मातीत कुस्त्या केलेले, बोटं केळ्यासारखी. तो उलटेपालटे करून बघत राहिला.

"कॅमेऱ्यात फार वेगळे दिसतात," तो म्हणाला.

"व्हय. लईच येगळे दिसत्यात."

त्याला मुंबईत माझ्यासाठी पाच सिनेमे ठरवायचे होते. सगळ्यात वाईट माणूस. सगळ्यात हाताचे सीन. राहायला जागा, जायला-यायला गाडी. मी म्हणालो, संध्याकाळची धार आहे. तो हसला आणि म्हणाला, "एका म्हशीचं काय घेऊन बसलात? तुम्हाला दहा म्हशी घेऊन देतो."

"आनि दहा म्हशींची धार कोण, तुमी काढणार?"

पुढं माझ्यावर लिहिणाऱ्यांनी हे वाक्य फार गाजवलं. कलावंताचा मातीशी इमान असलेला बाणा, असं काहीतरी. मी सरळ हिशोबाचं बोललो होतो. दहा म्हशींना माणूस लागतो. त्यानंतर ब्याऐंशी-त्र्याऐंशीपर्यंत मी सिनेमात होतो. रंगीत आले, माझे फेटे गुलाबी झाले, स्टुडिओतलं काम कमी होत गेलं, माझ्याबरोबरचे मुंबईला जाऊन मोठे झाले आणि काही मोठे न होताच परत आले. मी चारच्या आतला राहिलो. हे सगळं त्यागात धरलं गेलं. मी हरकत घेतली नाही. फुकट मिळालेला मान नाकारायला पण टाइम लागतो.

पण त्या वेळी मुंबईवाला पक्का होता. आमच्या तालमीनं माझा सत्कार ठरवला होता, त्याला तो थांबला. तिथंच तो सगळ्यांसमोर जाहीर करणार होता. सत्कार मला नको होता. तालमीतले जाणते म्हणाले, "तुझा सत्कार न्हाय, तालमीचा हाय. तू नुसता खुर्चीवर बस." मग नाही म्हणता येईना.

संध्याकाळी धारा उरकून गेलो. चौकात स्टेज बांधलेलं. मागचा पडदा चाचांनी शिवलेला, म्हणून ते पहिल्या रांगेत. बायकांच्या बाजूला म्हातारी, सून आणि सुनेच्या मांडीवर पोरगं. पोराच्या अंगात पिवळं झबलं, लाल गोटाचं. मी वरनं बघितलं आणि दुसरीकडं मान फिरवली, तर तिकडं शेजारचा गडी हसत उभा.

एक कॉलेजातले मास्तर बोलायला उठले. ते नुसत्या हातावर बोलले. बोटं आधी आवळतात आणि मग सुटतात यात पापी माणसाच्या मनातला झगडा कसा दिसतो, चेहरा न दाखवता नुसत्या हातानं बोलणं हे किती साधनेचं काम, वगैरे. चाचा मान खाली घालून दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते. गावात त्यांच्या हाताची एवढी स्तुती कधी झाली नव्हती, आणि त्यांना ती बसून दाबून ठेवावी लागत होती.

मग फेटा, शाल, नारळ. मग मुंबईवाल्यानं माईक हातात घेऊन पाच सिनेमे सांगितले. तालमीतली पोरं नाचायला लागली. मग मला म्हणाले, दोन शब्द.

मी उठलो. म्हातारीकडं बघितलं. मला एवढंच कळत होतं की आता गप बसलो तर तो हात कायमचा माझा होणार. मुंबईला पाच सिनेमांत तो हात माझा म्हणून विकला जाणार आणि कट्ट्यावर माझ्यापुढं कुणी भांडं धरणार नाही.

"मास्तर बोलले ते बरूबर हाय," मी म्हणालो. "हात लई चांगला हाय. पर त्यो माझा न्हाय. मी चारला निघून गेलतो. धार हुती."

मग मास्तरांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागं सगळ्या चौकानं वाजवली. टाळ्या थांबेनात. मास्तर माईकवर येऊन म्हणाले, "पाहा, केवढा हा विनय. एवढं यश मिळवूनही हा कलावंत म्हणतो, हात माझा नाही." कुणीतरी मागनं ओरडलं, हात देवाचा आहे म्हणतोय तो. परत टाळ्या. मी दोनदा म्हणालो, अहो खरंच न्हाय, तर दोनदा टाळ्या वाढल्या. खरं बोलून माणूस इतका अडकलेला मी बघितला नव्हता.

टाळ्या वाजवल्या नाहीत फक्त तिघांनी. चाचांचे हात मांड्यांखाली होते. मुंबईवाला माझे हात परत बघत होता, त्याचं काहीतरी जुळत आलं असावं. पाच सिनेमांबद्दल तो नंतर कुणाशी बोलला नाही आणि दुसऱ्या दिवशी गावात दिसला नाही. आणि तिसरी म्हातारी. टाळ्या विरल्यावर ती जागेवरच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझा न्हाय, तर मग कुणाचा हाय सांग की."

चाचांनी वर बघितलं. पोरगं सुनेच्या मांडीवर झबल्याची नाडी चोखत होतं.

"मला ठावं न्हाय, मावशी," मी म्हणालो.

"कडं तर तुझंच हाय."

"कडं माझं हाय."

"हां," ती म्हणाली आणि बसली. त्या एका 'हां'मध्ये जे होतं ते मास्तरांच्या अख्ख्या भाषणात नव्हतं. सगळ्या गावाला मी मोठा वाटत होतो आणि तिला खोटारडा.

घरी गेलो. शाल बायकोनं खुंटीला लावली आणि विचारलं, "आता तरी दूध खपंल का?" मी म्हणालो, झोप.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा थोरलीला घेऊन कट्ट्यावर गेलो. गर्दी होती, पण ती मला बघायला. भांडी कुणाच्या हातात नव्हती. पेन्शनर अजून आला नव्हता, तालमीतली पोरं रात्री नाचून झोपलेली; माझ्यासमोर रांगेत एकटे चाचा, तांब्या घेऊन. ते आधी कधी कट्ट्यावर आले नव्हते. म्हातारी शेजारच्या म्हशीसमोर निघाली होती. मी तिला हाक मारली.

"मावशी, हिकडं या. माझा हात नको न्हवं तुमाला? नका घेऊ." मी मनगटातलं कडं काढलं आणि खिशात टाकलं. चरवी तिच्यापुढं धरली. "तुमी कोडोलीच्या. धार तुमास्नी येती. तुमी बसा. तुमच्याच हातानं काढा, लेकराला न्या."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. तिच्या माहेरचा विषय निघाला होता, आता मागं सरणं नव्हतं. पदर खोचला आणि बसली. बसायची पद्धत पक्की होती. सडांना पाणी मारलं, अंगठा मुडपला, ओढलं. काही नाही. म्हशीला गोंजारलं, आई म्हणाली, बाई म्हणाली, परत ओढलं. म्हैस रवंथ करत पलीकडं बघत उभी. शेजारचा गडी म्हणाला, "मावशी, आटली वाटतं." म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो आपल्या म्हशीमागं गेला.

बराच वेळ ती बसली. चरवीचं बूड कोरडंच राहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली.

"कुणालाच देत न्हाय?"

"कुणालाच न्हाय."

"रोजच्या सांजंला तूच बसतोस?"

"मीच."

"शूटिंगच्या दिवशीबी?"

"त्या दिवशीबी तुमचंच भांडं आधी भरलं हुतं, मावशी."

"म्हंजे चारला गेलतास ह्ये खरं," ती म्हणाली. चाचांनी तांब्या एका हातातनं दुसऱ्या हातात घेतला. म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमी का उभं ऱ्हायलाय, चाचा? झबलं चांगलं झालं हां. बसलं अंगाला." मग माझ्याकडं वळली. चरवी माझ्या हातात दिली नाही. स्वतः दोन्ही हातांनी म्हशीखाली धरली आणि म्हणाली, "बस. मी बघती."

मी बसलो. म्हशीनं माझी बोटं ओळखली आणि पान्हा सोडला. पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली. म्हातारी माझ्या हाताकडं टक लावून बघत होती आणि मी शेवटच्या थेंबापर्यंत धार काढली.